दुसऱ्या दिवशीचा शर्ट

११ नोव्हेंबर

नाही, मी थिएटरात रडले नाही. तू विचारलं नाहीस, माहीत आहे. तू काहीच विचारत नाहीस. पण तुझी मावशी फोनवर तुला काय काय सांगत असते त्याची मला कल्पना आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. डोळ्यांतून पाणी आलं ते पडद्यावरच्या झगझगाटाने. दिवसभर काळ्या कापडावर काळा दोरा घालून गेलेली मी, डोळे चुरचुरणार नाहीत तर काय.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. तुझा नवा पत्ता मावशीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, मीच तिच्या मानगुटीवर बसले. तिथे यायचं नाही अशी तुझी अट आहे म्हणे. येणार नाही. पत्राबद्दल काही अट घातलेली नव्हती.

तर तुमच्या बँडचा सिनेमा लागला. तुमचा गिटारवाला चष्मा तिकीट घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात आला होता. "काकू, पहिल्या रांगेचं आणलंय." मी म्हटलं, मान कोणाची मोडायची आहे? मागे बसले. दोन तास नुसती गाणी. लांबू गाताना इतकं तोंड उघडतो की मला त्याच्या दाढा मोजता आल्या. चष्मा गिटार वाजवताना नेहमीसारखाच, खाली पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा. मुक्या त्याच्या जाड तारांच्या गिटारीला टेकून उभा, बस यायची असावी तसा. आणि मागे ड्रमवर तू.

इथपर्यंत सगळं ठीक. मग शेवटचं गाणं सुरू झालं, आणि त्यात तू हसलीस.

आता मला सांग. दोन दिवस कार्यक्रम झाला, दोन्ही दिवस कॅमेरे लागले, दोन्ही मिळून एक सिनेमा केला, हे मला कळतं. म्हणून तर प्रत्येकाचे दोन-दोन शर्ट माझ्याकडून शिवून घेतले त्यांनी, आठ शर्ट, हिरवं सॅटिन, सारखेच्या सारखे. पण शेवटचं गाणं फक्त दुसऱ्या दिवशी झालं. आणि दुसऱ्या दिवशी तू मावशीकडे फोन हातात धरून बसली होतीस. मग हसली कोण?

बाहेर आले तर इस्त्रीवाली भेटली. "काय वाजवते हो तुमची पोरगी! शेवटच्या गाण्यात तर अंगावर काटा आला." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? घरी येईपर्यंत सहा जणांनी माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल ते त्यांना माहीत असेल.

तुझा दुसरा शर्ट त्यांनी लांबूच्या मावसभावाला घातला होता, हे तुला कळलंच असेल. तो तुझ्या दीडपट आहे. त्याला तो कसा बसला, मला काय ठाऊक. ताणलं असेल सॅटिन.

जेवण वेळेवर करत जा.

२० नोव्हेंबर

सॅटिन ताणत नाही. तू लहानपणापासून माझ्या टेबलाखाली चिंध्यांत बसून वाढलीस, तुला मी कुठे फसवणार. शर्ट मी मोठा केला.

बाजूच्या दोन्ही शिवणी उसवल्या. आत दोन बोटं जास्तीचं कापड मी नेहमीच सोडते, तेवढं सगळं काढून दिलं. काखेतले मुंढे खोल केले. तुझा बिनबाह्यांचा होता म्हणून जमलं तरी. गिऱ्हाइकाने काम आणलं, मी केलं. तू का आली नाहीस ते तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटलं, तुझं पोट बिघडलंय.

काल दुपारचा खेळ पुन्हा पाहिला. एकटी गेले. एक गोष्ट तपासायची होती. सॅटिनला एकदा सुई लागली की ते भोक बुजत नाही. इस्त्री मारा, वाफ द्या, जुन्या शिवणीची रेघ राहतेच. म्हणजे मोठ्या केलेल्या शर्टाला बाजूने दोन रेघा दिसणार, एक जुनी आणि एक नवी. तुझ्या शर्टाला एकच. एवढ्या मोठ्या पडद्यावर न दिसायला काय झालं!

म्हणून शेवटच्या गाण्याला डोळ्यांवरचा चष्मा पुसून बसले. दोन रेघा, तो. एक रेघ, तू. पाठ त्याची. हात त्याचे. मध्येच मान वळवून हसते ती तू, पण ती आदल्या दिवशीची, कुठल्यातरी दुसऱ्या गाण्यातली, उचलून इथे ठेवलेली. मग पुन्हा पाठ त्याची. डोकं एकीचं, धड एकाचं, आणि सगळं थिएटर डोलतंय. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं, अहो, हे दोघं आहेत. पण ती बिचारी पायाने ताल धरून बसली होती.

सगळं मोजलं. एक मात्र जमलं नाही. एका ठिकाणी नुसता कोपर दिसतो. डावा. शर्ट दिसतच नाही, कोपर वर जातो आणि खाली येतो, संपलं. तो तुझा की त्याचा, मला कळलं नाही. त्याच एका कोपरासाठी परत जावं लागणार असं दिसतंय. स्वतःच्या पोरीचा कोपर ओळखू येऊ नये?

वर्तमानपत्रात लिहून आलं आहे की शेवटच्या गाण्यात ड्रमवाल्या मुलीच्या हातांना निराळंच बळ चढतं. चढणारच. हातच निराळे.

आणि शेवटी पाट्या येतात ना, नावांच्या, त्या पहिल्या वेळी मी वाचल्या नव्हत्या. लोक उठले तशी मीही उठले होते. काल वाचल्या. शेवटच्या गाण्यापुढे शब्द लांबूचे, चाल लांबूची. मी जवळून वाचायला उभी राहिले, तर मागून एक जण ओरडला, "ओ काकू, संपला सिनेमा!"

चार महिने भिंतीपलीकडून ते गाणं मी ऐकलं आहे. अर्धी ओळ, मग शिवी, मग तीच अर्धी ओळ. मला ते पाठ झालं होतं. लांबू तेव्हा आपल्या घरात नव्हता.

तर तू का गेलीस ते मला काल ती पाटी वाचून कळलं.

४ डिसेंबर

तुझं कार्ड मिळालं. चार शब्द लिहायला तुला इतके दिवस लागले. "तुला आधी माहीत होतं?"

हो.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा हात लावणार नाही.

त्या दिवशी सकाळी तू मोरीच्या दाराशी उभी राहून चहा पीत होतीस. म्हणालीस, "आई, ते गाणं माझं आहे हे लिहून देत नाहीत तोवर मी आज वाजवणार नाही. माझ्यावाचून त्यांचं आज काही होत नाही. झक मारत फोन करतील." मी म्हटलं, "मग जेवायला किती वाजता?" तू म्हणालीस, "मी काय म्हणाले ते ऐकलंस का?" मी म्हटलं, "ऐकलं." मी खरंच ऐकलं होतं.

तू मावशीकडे गेलीस. अकराच्या सुमाराला सिनेमावाला आला, मागे तो मावसभाऊ, हातात तुझा शर्ट.

"काकू, तासाभरात हा ह्याच्या अंगात बसवायचा आहे."

"हा कोण?"

"लांबूचा मावसभाऊ. वाजवतो."

मावसभाऊ म्हणाला, "थोडंफार."

"माझी पोरगी कुठे आहे?" मी विचारलं. जणू मला ठाऊकच नव्हतं.

सिनेमावाल्याने घाम पुसला. "रुसली आहे. चारला कार्यक्रम आहे, काकू. माणसं आत्तापासून फाटकाशी उभी आहेत. माझे पाच कॅमेरे आहेत. मी पाठीमागूनच घेईन ह्याला, कोणाला कळणार नाही."

"तिला फोन केलात?"

"तुम्हाला जमणार नसेल तर करावाच लागेल."

बघ. एवढं सरळ सांगितलं त्याने. मी "जमणार नाही" म्हटलं असतं तर त्याने तुला फोन लावला असता, लांबूने नाक मुठीत धरून कागद लिहून दिला असता, आणि आज पाटीवर तुझं नाव असतं. दोन शब्दांचं काम होतं.

तोवर मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या आणि त्याच्या छातीचं माप घेत होते. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, हे तुला इतके दिवस सांगायचं ठरवलं होतं. टाचण्या थुंकता येतात.

दुसरंही एक ठरवलं होतं सांगायचं. की इतकी माणसं उन्हात उभी, लाईटवाले, वायरवाले, त्यांचा काय दोष, म्हणून केलं. तेही खोटं आहे. लाईटवाल्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता.

खरं ते हे. मला वाटलं, तुझ्यावाचून त्यांचं भागलं की तुझी खोड मोडेल. घरी येशील, दोन दिवस तोंड फुगवून बसशील, मग ते ड्रम विकून टाकशील आणि दुकानात माझ्याशेजारी बसशील. तुझा हात कापडाला चांगला आहे. माझे गुडघे दुखतात. एवढंच होतं डोक्यात. आणि गाणं मला आवडायला लागलं होतं तरी हे होतं. दोन्ही एकदम कसं असतं मला समजत नाही, पण होतं.

चाळीस मिनिटांत शर्ट दिला. त्याने तासाभराची मुदत दिली होती, पण मला कधी उशीर झालेला नाही. मावसभाऊ आरशासमोर उभा राहून म्हणाला, "काकू, काय बसलाय!" आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

चारला कार्यक्रम सुरू झाल्याचा आवाज मावशीच्या गच्चीपर्यंत येत होता असं ती नंतर म्हणाली. तू गच्चीत होतीस आणि फोन हातातच होता असंही म्हणाली. मग तू बॅग घ्यायला घरी आलीस. मी विचारलं, "जेवलीस?" आणि तू बॅग उचलून गेलीस. तेव्हा मला वाटलं, दोन दिवस.

१६ डिसेंबर

एक घोळ झाला आहे. तुला दुसरीकडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे.

मागच्या आठवड्यात एक खास खेळ होता. सिनेमा झाल्यावर सगळे जण पडद्यापुढे खुर्च्या मांडून बसणार आणि लोक प्रश्न विचारणार. सिनेमावाल्याने मलाही बोलावलं, कपडे शिवणाऱ्या म्हणून सत्कार करू म्हणाला. मला असल्या गोष्टींचा तिटकारा आहे, पण गेले. काही ठरवून गेले नव्हते. कोपर एकदा बघायचा होता. कळला नाही.

लोकांचे प्रश्न म्हणजे कमाल. एक जण उठला, पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलला आणि बसला. मग एका मुलीने विचारलं, शेवटच्या गाण्यात ड्रमवाली इतकी बेभान कशी झाली? सिनेमावाल्याने माईक उचलला आणि म्हणाला, "त्या दिवशी ती वेगळ्याच जगात होती."

मी उभी राहिले. "ती त्या दिवशी मावशीकडे होती."

लोक हसले. मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून मोठ्याने सांगितलं. "हे हात माझ्या पोरीचे नाहीत. ह्या लांबूच्या मावसभावाचे आहेत. शर्ट मी उसवून मोठा केलाय. बाजूला दोन रेघा दिसतात, बघा."

मग त्यांनी खरंच तो तुकडा पुन्हा लावला आणि चित्र थांबवलं. दोन रेघा. सगळीकडे "अरे हो!" झालं. मला वाटलं, आता भडकतील, खुर्च्या आपटतील, त्या माणसाला जाब विचारतील. त्यांनी टाळ्या वाजवल्या! मला! सिनेमावाला हात जोडून म्हणतो, "काकूंनी आमचं गुपित फोडलं," आणि पुन्हा टाळ्या. मी वेड्यासारखी उभी. एखाद्याचा खिसा कापलेला दाखवावा आणि लोकांनी कात्रीचं कौतुक करावं, तशातली गत.

मग मात्र मला राग आला. मी म्हटलं, "आणि गाणंही तिचं आहे."

ह्याला टाळ्या पडल्या नाहीत.

लांबू म्हणाला, "काकू, हे घरी बोलू." एका दाढीवाल्याने विचारलं, "पुरावा काय?" मी म्हटलं, पुरावा मला माहीत नाही, गाणं माहीत आहे. सिनेमात दोन कडवी आहेत, तिने तीन केली होती. म्हणून दाखवा, म्हणाला. मला कुठे गाता येतंय. भाजीची यादी वाचावी तसं तिसरं कडवं सरळ म्हटलं. एकही शब्द चुकले नाही. त्यात अस्तर असा शब्द आहे, आणि तोंड शिवून घेतलेल्या कोणाबद्दल काहीतरी आहे. ती मी आहे का? तेव्हा भिंतीपलीकडून ऐकताना असं कधी वाटलं नव्हतं. मध्येच तोंडात आलं आणि वाटलं. असो. राहू दे.

मग मुक्या उठला. त्याने माईकही घेतला नाही. म्हणाला, "काकू म्हणतायत ते बरोबर आहे. गाणं तिचं आहे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं." इतक्या वर्षांत मी त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला. बारीक आहे. लांबू उठून बाहेर गेला. चष्मा खाली बघत बसला. त्याला या वेळी तरी काहीतरी सापडलं असेल.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझ्या शिवणीबद्दल एवढं मोठं आलं आणि गाण्याबद्दल एक ओळ. आता लोक दोन रेघा शोधायला जातायत. इस्त्रीवाली चौथ्यांदा गेली. सिनेमा पडेल असं वाटलं होतं, तो वाढला. मला काही म्हणजे काही कळत नाही. मी चांगलं केलं की आणखी बिघडवलं?

२९ डिसेंबर

सोबत एक कागद आहे. आधी तो वाच, मग हे.

वाचलास? मी तीनदा वाचला, अर्धा कळला. जो कळला तो असा. सिनेमात, आणि पुढे जिथे जिथे ते गाणं वाजेल तिथे, शब्द तुझे, चाल तुझी असं लिहिणार. लांबूने खाली सही केली आहे, बघ, वाकडी. त्याच्या बदल्यात तू लिहून द्यायचं की चित्रात जे आहे ते आहे तसंच राहील, ते हात, ती पाठ, तुझं हसणं, सगळं. मावसभावाचं नाव पाटीत बारीक अक्षरात येईल. आणि तुझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

सिनेमावाला स्वतः घेऊन आला होता. दुकानात स्टुलावर बसला, चहा नको म्हणाला, मग प्यायला.

"काकू, तिचा पत्ता द्या."

"नाही."

"मग तुम्ही पाठवा. आणि दोन ओळी तुमच्याही लिहा. तुम्ही म्हणालात तर ती ऐकेल."

मी हसले. तो का हसताय म्हणून बघत बसला.

"बरं, तुमचं मत तरी सांगा. ह्यात तिचं भलं आहे की नाही?"

मी म्हटलं, कागद ठेवा आणि जा.

"दहा तारखेच्या आत हवा आहे हो. नव्या पाट्या करायच्या आहेत."

"तारीख ती ठरवेल. तिला महिना लागला तर महिना. वर्ष लागलं तर वर्ष."

"वर्षभर सिनेमा कोण बघणार, काकू?"

"मग बघू नका."

गेला. संध्याकाळी मावशी आली. तिचं म्हणणं, डोळे मिटून सही करायला सांग, नाव मिळतंय ते घ्यावं, पुढचं पुढे. इस्त्रीवाली म्हणते, अजिबात नाही, आधी ते हात काढायला लावा. मुक्या दुकानापर्यंत आला, दाराशी उभा राहिला, आणि मला म्हणाला, "तिला सांगा, ती नसेल तर मीही वाजवत नाही." हा निरोप त्याचा आहे, माझा नाही, म्हणून पोचवते. सगळ्यांना सगळं कळतं. प्रत्येक जण येऊन मला सांगतो, तुला काय सांगायचं ते.

माझं मत आहे. नसायला काय झालं? कागद वाचला तेव्हाच झालं. इतकं पक्कं आहे की कालपासून दोनदा पेन उचलून ते लिहायला घेतलं आणि दोन्ही कागद फाडले. हा तिसरा आहे. एकदा टाचण्या तोंडात धरून मी तुझं ठरवून टाकलं होतं, तेवढं पुरे.

सही कर म्हणत नाही. करू नकोस म्हणत नाही. फोन करून विचारलंस तर तब्येतीचं सांगेन, गुडघ्याचं सांगेन, हे सांगणार नाही. मावशीकडून काढून घ्यायला बघशील तर तिलाही सांगितलेलं नाही. घरी येऊन समोर बसलीस तरी नाही. ह्या विषयावर मी आता एक शब्द बोलणार नाही.